दिलरुब्याच्या तरफा आणि नॉर्वेचं फिडल: रात्री लिहिताना शब्द अडतोय

रात्रवही (ग्वाल्हेर):
नमस्कार. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जिवाजीगंजात राहते. हे रेल्वेत आहेत, आठवड्यातल्या तीन-चार रात्री ड्यूटीवर असतात. सासूबाईंच्या आजारपणात रात्री दोनच्या औषधाला उठायची सवय लागली. त्या गेल्या, पण दोनला डोळे उघडायचे ते उघडतातच. मग नुसती कूस बदलत पडण्यापेक्षा स्वयंपाकघरात शाल गुंडाळून वहीत लिहायला लागले. मटार कितीला मिळाला, नळाला पाणी कधी आलं, समोरच्या शिंप्याच्या मशीनचा पट्टा तुटला म्हणून तो दिवसभर ओट्यावर कसा बसून होता, असं सगळं. अकरा वह्या झाल्या. आता तर जेवणं आवरली की बसते, ती दूधवाल्याची हाक आली की उठते.

मागच्या डिसेंबरात तानसेन समारोहाहून परत आले आणि झोपच येईना. मोबाइलवर शोधता शोधता नॉर्वेच्या सरकारी रेडिओचं, एनआरकेचं, लोकसंगीताचं चॅनल लागलं. आपल्याकडे मध्यरात्र असते तेव्हा थंडीत तिकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. हार्डिंगफेले वाजत होतं, म्हणजे हार्डांगर भागातलं व्हायोलिन. दोन मिनिटांत माझ्या हातातलं पेन थांबलं.

माझं माहेर झाशीचं. काका दिलरुबा वाजवायचे, म्हणजे कातड्याने मढवलेलं, गजाने वाजवायचं तंतुवाद्य. ते गेल्यावर दिलरुबा बैठकीत खुंटीला टांगला, त्याला कोणी हात लावत नसे. काकू आतल्या देवघरात आरती म्हणायची, आणि तिचा आवाज एका ठरावीक सुरावर पोचला की भिंतीवरचा दिलरुबा आपला आपण वाजायचा. मी स्टुलावर चढून त्याच्या कातड्याला कान लावायची. जुन्या कातड्याचा वास यायचा, आणि आत कुणीतरी काकूच्या मागोमाग आरती म्हणतंय असं वाटायचं. ते मी चाळीस वर्षांत कुठे ऐकलं नव्हतं. त्या रात्री ऐकलं.

तेव्हापासून रोज त्या संगीतावर एक पान लिहिते. अडचणी अशा. त्या आवाजाला मराठीत काय म्हणायचं? गुंजन लिहिलं तर भुंगा आठवतो. झंकार लिहिलं तर कोणीतरी तार छेडली असं वाटतं, पण इथे तर कोणी हात लावलेलाच नसतो. दुसरं, स्प्रिंगार नावाचा नाच तीन मात्रांचा म्हणतात, पण मी टेबलावर बोटाने मोजते आणि चौथ्या-पाचव्या आवर्तनाला चुकते. आणि तिसरं, मैत्रीण म्हणते की घरचं आणि संगीताचं एका वहीत कालवू नकोस, दोन वह्या कर. तुम्ही काय कराल?

तंतुवाद्य (वडोदरा):
ताई, मी दांडिया बाजारात राहतो, दिलरुबा-इसराज दुरुस्त करतो. तुमचा भिंतीवरचा दिलरुबा वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं.

हार्डिंगफेलेला वर चार तारा आणि त्यांच्या खाली चार किंवा पाच तरफा, म्हणजे दुसऱ्या सुराने आपोआप थरथरणाऱ्या तारा. त्या बोटं दाबायच्या पट्टीखालून येतात आणि तारा टेकतात त्या घोडीच्या मधून जातात, त्यांना गज लागतच नाही. घोडी आपल्या व्हायोलिनपेक्षा सपाट, त्यामुळे गज एका वेळी दोन तारांवर बसतो आणि एक सूर सतत धरून ठेवलेला असतो. सर्वात जुनं वाद्य 1651 सालचं म्हणून दाखवतात. पट्टीवर शिंपल्याचं जडाव काम, अंगावर काळ्या शाईची वेलबुट्टी. पुढच्या वेळी नुसतं ऐकू नका, फोटोही बघा.

शब्दाबद्दल: वाजवणारे 'तरफा बोलतात' असंच म्हणतात. आणि मागे जे रेंगाळतं ती 'आस'. देवळातली घंटा वाजवून हात काढल्यावर उरते ना, तीच. जवारी, म्हणजे तानपुऱ्याच्या सुरातली ती झणझण, मात्र लिहू नका. जवारी तानपुऱ्याच्या रुंद घोडीतून येते, तिची जात वेगळी.

यान गार्बारेक या नॉर्वेच्या सॅक्सोफोनवाल्याने पतियाळा घराण्याच्या उस्ताद फतेह अली खाँसाहेबांबरोबर केलेली तबकडी 1992ची आहे. तिच्यात सारंगीही आहे. एका रात्री ती लावा.

ठेका (इंदूर):
बोटाने मोजलंत तर चुकणारच, कारण त्या तीन मात्रा सारख्या नाहीत. नॉर्वेतल्या टेलेमार्क भागाच्या स्प्रिंगारात पहिली लांब, दुसरी मध्यम, तिसरी आखूड. वाल्द्रेस खोऱ्यात उलट पहिलीच आखूड, दुसरी लांब. मी तबल्यावर धरायला गेलो आणि आठवडाभर रडलो. मग वाजवणाऱ्याच्या पायाकडे बघायला लागलो. तो बसून वाजवतो आणि बुटाने जमिनीवर ठोका देतो. व्हिडिओ लावा, आवाज बंद करा, फक्त पाऊल बघा. पायात बसलं की मग आवाज सुरू करा. आणि दादरा वगैरे तालांची नावं लिहू नका, वाचणाऱ्याला सारख्याच मात्रा ऐकू येतील.

जुना लष्करकर:
अहो, आधी झोपेचं बघा. मी सत्तरीचा आहे, जागरणाची किंमत मोजून बसलोय. दोनला जाग येते ना, मग नऊला पडा आणि दोनला उठून लिहा. रात्रभर नको.

वह्यांबाबत तुमच्या मैत्रिणीचं बरोबर आहे. टेलेमार्कमधला क्नूट डाले हा म्हातारा फिडलवाला. त्याचे सूर त्याच्याबरोबर जाणार, ही त्याला काळजी. त्याने नॉर्वेचा संगीतकार ग्रीग याला पत्र लिहिलं. ग्रीगने 1901मध्ये त्याला योहान हाल्वोर्सेन या व्हायोलिनवादकाकडे पाठवलं. डाले वाजवत गेला, हाल्वोर्सेन कागदावर उतरवत गेला, असे सतरा नाच झाले. ग्रीगने त्यावरून पियानोसाठी बांधले, ते 1903मध्ये छापले गेले. आपल्याकडे भातखंडे बंदिशी उतरवत हिंडले आणि 1918मध्ये इथे माधव संगीत महाविद्यालय उभं राहिलं, तसंच काम ते. असं उतरवलेलं मटाराच्या भावात हरवून चालणार नाही.

आणि एक गोष्ट तुम्हाला आवडेल. तिकडे धबधब्यात फोसेग्रिम नावाचा पाण्यातला आत्मा राहतो म्हणतात. गुरुवारी संध्याकाळी त्याला मटण वाहिलं की तो फिडल शिकवतो. मटण कमी पडलं तर नुसतं सुरात लावायला शिकवतो, वाजवायला नाही. आपल्याकडे ग्वाल्हेरात हजीरा भागात तानसेनच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणतात.

रात्रवही (ग्वाल्हेर):
सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, नऊला पडून बघितलं, जमलं. दोनला ताजी उठले.

वही मात्र एकच ठेवते. शिंप्याच्या ओट्यावरून उठूनच मी त्या संगीताकडे येते. मधे वही बदलली तर काय ऐकत होते तेच विसरेन. पण दादांचं म्हणणं पटलं, म्हणून मागच्या चार पानांवर अनुक्रमणिका केली. कोणता सूर, कोणतं खोरं, कोणत्या पानावर, सगळं लाल पेनाने.

पावलाची युक्ती लागू पडली. आवाज बंद करून वीस मिनिटं एका माणसाचा बूट बघितला. पहिला ठोका देताना टाच किंचित उशिरा उचलते, तिथेच ती लांबी आहे. मग आवाज सुरू केला आणि चुकले नाही. तेवढ्यात कुकरच्या झाकणावरचं पाणी ओट्यावर टपकायला लागलं, तेही वहीत आहे, त्याच ओळीला लागून.

'आस' हा शब्द लिहिला आणि सकाळ होताच काकूला फोन केला. दिलरुबा अजून त्याच खुंटीला आहे. कातडं एका कडेला सुटलंय, तरफांपैकी अकरा उरल्यात, बाकी गंजून तुटल्या. काकू आता शहाऐंशीची आहे, आरती अजून म्हणते. वाद्य हल्ली बोलतं का, असं विचारलं तर म्हणाली, मला ऐकू कमी येतं गं, तूच येऊन बघ.

रविवारी झाशीला जाते आहे. वडोदऱ्याच्या दादांना विचारायचं होतं, कातडं ग्वाल्हेरला बदलून मिळेल का तुमच्याकडेच आणावं? आणि गाडीत नेताना उरलेल्या अकरा तारा सैल करायच्या की तशाच राहू द्यायच्या?