पार्यता, अपार्यता आणि फेराइटवरचा पॅच अँटेना

— फेराइटच्या (लोहयुक्त चुंबकीय सिरॅमिकच्या) सबस्ट्रेटवर, म्हणजे आधारपट्टीवर, बसवलेल्या पॅच अँटेनाच्या (धातूच्या चपट्या तुकड्याच्या अँटेनाच्या) सिम्युलेशनवर मराठीत टिपण लिहितोय. पर्मिएबिलिटीला (म्यू, पदार्थ चुंबकीय क्षेत्राला किती दाद देतो ते) 'पार्यता' लिहिलं. डायइलेक्ट्रिकला 'विद्युत अपारक' म्हणतात, त्यावरून पर्मिटिव्हिटीला (एप्सिलॉन, विद्युत क्षेत्राला तशीच दाद) 'अपार्यता' केलं. चालेल का?

— नको, अर्थ उलटा पोचतो. 'अ' दिसला की वाटतं, एक वाढली की दुसरी घटते. पॅचची लांबी ठरवताना मात्र दोघी एकाच बाजूने ओढतात. १ गिगाहर्ट्झला हवेतली तरंगलांबी ३०० मिमी. म्यू आणि एप्सिलॉनचा गुणाकार १६ असेल तर पदार्थात ती ७५ मिमी, म्हणजे पॅच साधारण ३७ मिमीचा. सिम्युलेशनच्या जाळीचे (मेशचे) घरही ७५ च्याच हिशेबाने पाडायचे, विसाव्या भागाला पावणेचार मिमी. बँडविड्थ (अँटेना नीट चालतो तो वारंवारतेचा पट्टा) मात्र म्यू आणि एप्सिलॉनच्या भागाकारावर जाते: एप्सिलॉन १६ आणि म्यू १ ऐवजी दोन्ही ४ घेतले, तर पॅचच्या बँडविड्थच्या हॅन्सन-बर्क सूत्राने सबस्ट्रेटच्या त्याच जाडीला ती चौपट येते. म्हणून 'चुंबकीय पार्यता' आणि 'विद्युत पार्यता' अशी जोडीच लिहा.

— चौपटीपुढे 'म्यू स्थिर, लॉस (पदार्थात वाया जाणारी ऊर्जा) शून्य' ही अट लिहायलाच हवी. निकेल-झिंक फेराइटचा म्यू जितका मोठा, तितका तो कमी वारंवारतेलाच कोसळतो. हीच स्नूकची मर्यादा. एकच आकडा भरू नका, मोजलेल्या म्यूचे दोन्ही भाग (ऊर्जा साठवणारा आणि लॉसचा) वारंवारतेवार तक्त्याने भरा. लॉसमुळेही रिटर्न लॉसच्या (अँटेनाकडून परतणाऱ्या शक्तीच्या) आलेखातली दरी रुंद दिसते आणि ती बँडविड्थ वाटते. एफिशियन्सीचा (दिलेल्या शक्तीतली किती बाहेर पडते त्याचा) आलेख शेजारी ठेवला की फसगत होत नाही.

— आणखी एक शब्द सांभाळा: 'क्षेत्र'. चुंबकाने बायस केलेल्या (स्थिर चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या) फेराइटमध्ये चुंबकीय पार्यता हा एक आकडा राहत नाही, टेन्सर (दिशेनुसार आकड्यांचा चौकोनी तक्ता) होतो. त्या तक्त्यात कर्णाबाहेर कप्पा (ग्रीक अक्षर κ) हे पद येतं. त्याच्या सूत्रात जातं ते अंतर्गत क्षेत्र, म्हणजे फेराइटच्या आत उरणारं चुंबकीय क्षेत्र. यिट्रियम-आयर्न गार्नेट या फेराइटची संपृक्तता (चुंबकनाची कमाल) सुमारे १७८० गॉस. पातळ चकतीला लंब २५०० ओर्स्टेड लावले, तर चुंबकन तेवढंच उलटं क्षेत्र उभं करतं आणि आत उरतात फक्त ७२०. ओर्स्टेडला २.८ मेगाहर्ट्झ धरले, तर फेराइटचा रेझोनन्स २ गिगाहर्ट्झच्या आसपास. बाहेरचे २५०० तसेच भरले, तर सॉल्व्हर तो ७ ला दाखवतो, आणि चूक शोधायला माणूस जाळी बारीक करत बसतो. टिपणात नुसतं 'क्षेत्र' कुठेच ठेवू नका. 'लावलेलं' की 'अंतर्गत', ते दर वेळी लिहा.

— 'पॅच'ला काही सुचतं का?

— पॅचच ठेवा. 'ठिगळ' म्हटलं की फाटलेलं आठवतं.