आउटलायनरच्या ठिपक्यांना शेंड्या येतायत, पाकिटं पण चिकटली, काय करू?

चिपळूणची_हौशी: मदत करा कोणीतरी. पुढच्या मंगळवारी वहिनीची पहिली मंगळागौर, वशेळ्यांना (पूजेला बोलावलेल्या नव्या लग्नाच्या मुलींना) द्यायच्या 40 पाकिटांचं काम मी हौसेने अंगावर घेतलंय. मरून पाकिटावर मोती रंगाच्या थ्रीडी आउटलायनरने (ट्यूबमधून दाबून काढायचा उठावदार रंग) ठिपक्यांची वेल काढतेय पण एक ठिपका गोल येईल तर शपथ, प्रत्येकाला बटूसारखी शेंडी! रात्रभर पंख्याखाली वाळवून सकाळी गठ्ठा बांधला तर दुपारी सहा पाकिटं एकमेकांना चिकटलेली. कागदही पापडासारखा वळलाय. रंगच खराब मिळाला का?

ठिपकेवाली: अगं रंगाला काय झालंय, हात घाईचा आहे. ट्यूब दाबता दाबताच वर उचलतेस ना? आधी दाब सोडायचा, मग नॉझल बारीकसं गोल फिरवून बाजूला न्यायचं. तरी शेंडी राहिलीच तर ओलं असतानाच पाकीट खालून टिचकीने हलवायचं, रंग आपोआप बसतो, किंवा ओल्या टूथपिकने दाबायचं. वाळलेल्या शेंडीवर छोटा सोनेरी ठिपका टेकव, डिझाइनच वाटेल 😄 आणि ट्यूब आधी उलटी धरून झटक, नाहीतर मधेच हवा फुस्स करून सगळं शिंतोडे.

कंदीलवाला_दादरचा: ताई कागद किती जाडीचा आहे? रंग पाण्यातला असतो, पातळ कागद ते पाणी पितो आणि वाळताना आखडतो म्हणून वळतो. मी कंदिलाला 250 जीएसएमचा कार्डपेपर घेतो, त्यावर हा त्रास जवळजवळ नाही. आता पाकिटं आणलीच आहेत तर ठिपके लहान ठेवा आणि एका जागी गर्दी नको. चिकटण्याचं म्हणाल तर ठिपक्याची वरची साय वाळते, आत ओलंच असतं, त्यात कोकणातला श्रावण. दोन दिवस तरी सुटी सुटी ठेवा. आणि हो, हेअर ड्रायर गरम करून जवळ धरू नका, माझे ठिपके फुगून त्यांना भोकं पडली होती.

आजीचा_गल्ला: मधे बटर पेपर घाला, झालं काम.

ठिपकेवाली: बटर पेपर ओल्या ठिपक्याला चिकटतो की, माझा चिकटलाय. केकवाल्यांचा बेकिंग पेपर घाल, तो सुटतो. आणि पूर्ण वाळल्यावर ठिपक्यांवर मऊ ब्रशने किंचित टाल्कम फिरव, चिकटपणा जातो. मरूनवर पांढरं दिसेल तेवढं मात्र झटकून टाक. गठ्ठा न बांधता खोक्यात उभी लाव.

चिपळूणची_हौशी: बापरे मी तर ड्रायर काढून ठेवला होता!! दाब सोडून उचलायचं जमलं, रद्दीवर वीसेक काढले, चार सोडून सगळे गोल. पाकिटं आता आईच्या साड्यांच्या दोरीवर चिमटे लावून टांगलीयत, बाबा विचारतायत धुणं कधीपासून कागदाचं झालं. चिकटलेल्या सहांचं काय करावं पण? सोडवलेल्या जागी मरून रंगच निघालाय.

ठिपकेवाली: त्या जागी टिकल्या लाव. मंगळागौरच आहे, कोण विचारतंय.