निलगिरी मारली की माइट पळाली म्हणे!

उमरेडवाला: परवाची पोस्ट वाचली. म्हणे केमिकल सोडा, लिटरभर पाण्यात 5 मिली निलगिरीचं तेल टाकून कोंबड्यांवर मारा, लाल माइट (गोचिडीसारखी बारीक कीड), माशा, लिटरमधले, म्हणजे शेडमध्ये अंथरलेल्या तुसातले, काळे किडे, सगळं साफ. काहून लोकांना फसवता भाऊ? लाल माइट दिवसा पक्ष्यावर नसतेच. रात्री रक्त पिते आणि पिंजऱ्याच्या सांध्यात, बसायच्या दांड्याच्या टोकाला जाऊन लपते. दिवसा पक्षी भिजवून तिचं काय बिघडणार? दुसरं, तेल पाण्यात नुसतं "टाकून" मिसळत नाही. आधी तेलात ट्वीन-80 (तेल-पाणी एकजीव करणारं द्रव्य) घोटायचं, मग कोमट पाणी थोडं थोडं. नाहीतर पंप तळातून आधी निव्वळ पाणी ओढतो, शेवटी निव्वळ तेल, आणि शेवटच्या ओळीतल्या कोंबड्यांचे डोळे जळतात.

काटोल लेयर: वापर चुकला म्हणून तेलालाच शिव्या? शेड रिकामं असताना सांध्यासांध्यात ब्रशने लवंगेचं तेल लावा, लिटरला 10 मिली. अंगाला लागलं तर माइट मरते. माइटच्या अंड्यांवर परिणाम होत नाही, म्हणून 5 ते 7 दिवसांनी पुन्हा. पायरेथ्रॉइड या रासायनिक कीटकनाशकांना दाद न देणारी माइट झाली आहे, ते कोण बोलणार?

उमरेडवाला: "अंगाला लागलं तर". मग तेच म्हणतोय ना मी! तेल उडून जातं, मागे काही राहत नाही. उपाशी माइट महिनोनमहिने फटीत जिवंत राहते. फ्लेम गन फिरवा, त्यापेक्षा बरी.

काटोल लेयर: लोखंडी पिंजऱ्यावर फिरवा. लाकडी दांडे अन् प्लास्टिकचे फीडर पण जाळणार काय?

हिंगणा ताई: "नैसर्गिक" लिहिलेली बाटली डोळे मिटून घेऊ नका. 2017 मध्ये युरोपात निलगिरी-मेंथॉलचं म्हणून विकलेल्या डेगा-16 या माइटवरच्या औषधात फिप्रोनिल हे रासायनिक कीटकनाशक निघालं, लाखो अंडी नष्ट करावी लागली. कडुलिंबाचं तेल पण या यादीत घुसडू नका, ते उडणारं तेलच नाही. डिसेंबरात गोठून नोझल बंद करतं ते वेगळंच.

कामठी ब्रॉयलर: माशांचं मूळ तेलात नाही, फॉगरमध्ये (शेड गार ठेवायला पाण्याचे थेंब उडवणारं यंत्र) आहे. मे महिन्यात अर्धं नागपूर कमी दाबाचे फॉगर दिवसभर चालवतं, थेंब हवेत न उडता तुसावर पडतात. मूठभर लिटर दाबा. गोळा तसाच राहिला तर ओलं आहे, अळ्या होणारच. वरून सिट्रोनेलाचं वासाचं तेल मारणं म्हणजे नाला तसाच ठेवून अगरबत्ती लावणं.

काटोल लेयर: 45 डिग्रीत फॉगर बंद करून पक्षी मारायचे का साहेब?

कामठी ब्रॉयलर: बंद कोण म्हणालं? नीट वाचा. दाब वाढवा, बारीक नोझल लावा, थोडा वेळ चालू थोडा वेळ बंद, पडदे उघडे. पाणी प्यायचं गळकं निपल त्याच दिवशी बदला. लिटर पहाटे उलटा, भर दुपारी उलटलं तर पक्षी धापा टाकतात. आणि पक्षी असताना चुना भुरभुरू नका, अमोनिया सुटतो.

उमरेडवाला: धागा फॉगरचा नव्हता.

कामठी ब्रॉयलर: माशा तुम्हीच वर लिहिल्या.

हिंगणा ताई: काळ्या किड्यांचं कोणी बोलेना. पक्षी उचलले त्याच दिवशी, लिटर गरम असतानाच भिंतीच्या कडेने औषध मारा. लिटर थंड पडलं की ते भिंतीत, मातीत घुसतात. तिथे तेल पोहोचत नाही, पावडरही नाही.

काटोल लेयर: मान्य, काळ्या किड्यांना तेल नको. पण चालू लेयर (अंड्यांच्या कोंबड्यांच्या) शेडमध्ये, अंडी रोज विक्रीला जात असताना, सांध्यांना ब्रशने तेल लावण्यापेक्षा सुरक्षित काही सांगा.

उमरेडवाला: लावा की. ब्रशनेच, खिडक्या उघड्या ठेवून, अंडी उचलल्यावर. अंड्याचं कवच वास धरतं, गिऱ्हाईक लवंगेचं ऑम्लेट परत आणेल. अन् पिल्लांना ऊब देणारं ब्रूडर पेटलेलं असताना तर बिलकूल नाही.

काटोल लेयर: म्हणजे तेल चालतं. एवढंच आधी लिहिलं असतं तर!

उमरेडवाला: ब्रश चालतो, भाऊ. पोस्टमध्ये फवारणी होती.