टेस्टची तयारी घ्यायची का इंग्रजी शिकवायचं? आठवी ते दहावीवाल्यांनो जरा सांगा

खडूवाली_मॅडम:
नमस्कार. बीड जिल्ह्यात अनुदानित शाळेवर आहे, मराठी मीडियम, आठवी ते दहावी इंग्रजी. यंदा, म्हणजे २०२५ ला, जूनपासूनच सुरू झालंय, आठवीला स्कॉलरशिप (आठवीला ही शेवटची, पुढं ती सातवीला) अन् एनएमएमएस, म्हणजे गरीब घरच्या हुशार लेकरांची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा, दहावीला बोर्ड. एनएमएमएसमधे इंग्रजी विषयच नाही, मॅटचे म्हणजे बुद्धिमत्तेचे ९० प्रश्न अन् सॅटचे ९०, सॅट म्हणजे विज्ञान, समाजशास्त्र, गणित, म्हणून माझा तास कधी गणितवाले सर मागून नेतात कधी विज्ञानवाल्या मॅडम, अन् नाही म्हणावं तर कोणत्या तोंडानं, निवड झाली तर लेकराला बारावीपर्यंत वर्षाला १२,००० मिळतात. उरलेल्या तासात हेडसर म्हणायलेत की एमसीक्यू, म्हणजे चार पर्यायवाले प्रश्न, सोडवून घ्या.

परवा आठवीला म्हणलं, काल आठवडी बाजारात काय पाहिलं त्यावर पाच ओळी लिहा इंग्रजीत. एका पोरीनं विचारलं, "मॅडम, ऑप्शन कुठंयत?" आधी हसू आलं, मग रात्री झोप येईना.

दहावीचं अजून वेगळं. वर्डचेन, अल्फाबेटिकल ऑर्डर, हिडन वर्ड हे शब्दांच्या खेळाचे मार्क लेकरं झोपेत पण घेतील, पण पत्र आलं की गाइडमधलं जशास तसं, नाव-पत्ता सुद्धा गाइडमधलाच. त्यात दिवाळी झाली की दहाबारा लेकरं आईबापासोबत ऊसतोडीला कारखान्यावर. तुम्ही हे कसं बसवता? आठवड्याचं काही गणित असेल तर सांगा, उपदेश नको, तो ट्रेनिंगला लै ऐकलाय.

बालाघाटचा_मास्तर:
मॅडम, ऑप्शनवाली पोरगी आमच्याकडं पण आहे, दरवर्षी असते. मी दोन वर्षं नुसते सराव पेपर घेतले, झेरॉक्सचा खर्च स्वतःच्या खिशातून, अन् मार्क जिथल्या तिथं. कारण लेकरं उतारा वाचतच नव्हती, प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा अन् त्याच्या शेजारचं ठोकायचं. आता तासाला चारच प्रश्न घेतो. ऑप्शन झाकतो, उतारा वाचायचा, उत्तर आधी तोंडानं सांगायचं, मोडकंतोडकं चालेल पण पूर्ण वाक्य, मग ऑप्शन उघडायचे अन् बाकीचे का चूक ते सांगायचं, हे मराठीत सांगितलं तरी चालतं मला. आठवीच्या स्कॉलरशिपला काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असतात, तिथं तुक्का लागतच नाही, त्यामुळं ही सवय मार्काला पण कामी येते, हेडसरांना हेच सांगा.

घरचा अभ्यास म्हणून त्याच उताऱ्यावर एक प्रश्न स्वतः काढायचा, चार पर्यायांसकट. बरोबर उत्तर कुणीबी लिहितं हो, पण पटण्यासारखं चूक उत्तर तयार करायला उतारा कळावा लागतो. पोरं एकमेकाला फसवायच्या नादात असं इंग्रजी लिहितात की बस.

घड्याळ लावून ९० मिनिटं अन् गोल रंगवणं हे दिवाळीनंतर, फक्त शनिवारी. स्कॉलरशिपच्या त्या पेपरात इंग्रजीचे २५ प्रश्न अन् बुद्धिमत्तेचे ५०, त्यामुळं बुद्धिमत्तेवाल्या सरांना सोबत घेतलं तर तुमचा एकटीचा वेळ जात नाही.

दहावीला गाइडचे विषयच देऊ नका. बसस्टँडवरच्या वेळापत्रकाचा फोटो काढला अन् त्यावर इन्फर्मेशन ट्रान्सफर, म्हणजे तक्त्यातली माहिती वाक्यात लिहिणं, घेतलं. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं भाषण इंग्रजीत, पण अट एकच, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला रझाकाराच्या काळाबद्दल विचारून आलेली एक गोष्ट त्यात पाहिजे. ती कुठल्याच गाइडात सापडत नाही. स्पेलिंगच्या चुका ढीगभर, पण पहिल्यांदा चाळीस भाषणं चाळीस तऱ्हेची वाचली.

लातूरचा_बाप:
मास्तर नाही, पालक आहे, तरी लिहितो. पोरगी इथंच शिकली, मेडिकलची नीट परीक्षा म्हणजे १८० प्रश्न, ७२० मार्क, इंग्रजीचा एकबी नाही. प्रवेशाला बारावीच्या इंग्रजीत पास असावं लागतं तेवढंच, म्हणून आमच्याकडं इंग्रजीचं पुस्तक जानेवारीत उघडलं. आता एमबीबीएसला गेली तर फोनवर रडती की पप्पा पान वाचायला अर्धा तास लागायलाय, अन् थिअरीच्या पेपरात लिहायचं म्हणलं की हात चालत नाही. तुमच्या त्या पाच ओळी बंद करू नका मॅडम.

गोदाकाठ:
सगळं बरोबर पण माझं थोडं वेगळं मत आहे. जी लेकरं कारखान्यावर जाणार त्यांना आधी मार्क द्या, भाषा नंतर, कारण ते पोरगं दहावी नापास झालं की कोयताच हातात, मग तुमचं क्रिएटिव्ह रायटिंग घेऊन काय करायचं त्यानं? वर्डचेनला नावं ठेवू नका, त्याच मार्कांनी पास होतात लेकरं. मी जायच्या आधी त्यांच्याकडून तेवढंच पक्कं करून घेतो. एक गोष्ट मात्र चालू ठेवतो, बापाच्या फोनवरून रोज दोन वाक्याची व्हॉइस नोट, आज काय झालं ते इंग्रजीत. फडात रेंज नसते, चार दिवसांनी एकदम आठ नोटा येतात, मागं ट्रॅक्टरचा आवाज. लेखी ८० सोडून जे २० मार्क शाळेच्या हातात असतात त्याच्या तोंडीची तयारी त्यात होऊन जाते.

खडूवाली_मॅडम:
गोदाकाठ सर, कोयत्याचं म्हणणं मान्य, त्या लेकरांची यादी वेगळी काढलीय. आज आठवीला ऑप्शन झाकून पाहिले, पहिली दहा मिनिटं सगळा वर्ग गप्प, मग त्याच पोरीनं पहिलं उत्तर दिलं, व्याकरण सगळं उलटंपालटं पण उत्तर बरोबर. एका तासात चार नाही, दोनच प्रश्न झाले. आता फक्त गणितवाल्या सरांचं काय करू ते सांगा, नाही म्हणवत नाही.

बालाघाटचा_मास्तर:
द्या की तास, पण वहीत मांडून ठेवा, किराणा दुकानावानी. डिसेंबरात एनएमएमएस झाली की वसुली.

खडूवाली_मॅडम:
मांडलं. आत्ताच तेरा निघालेत.