चूक लपवावीशी वाटणार नाही, असे कार्यालय कसे घडवावे?

प्रश्न : अंधेरीकर

मी अंधेरी पूर्वेतील एका कंपनीत लेखा विभाग सांभाळते; माझ्या हाताखाली अकरा जण आहेत. मागच्या महिन्यात जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे मासिक विवरणपत्र तयार करताना एका पुरवठादाराचे बिल दोनदा धरले गेले आणि इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, जास्त घेतले गेले. जिच्या हातून हे झाले तिला ते १६ तारखेलाच उमगले होते, आणि विवरणपत्र २० तारखेला भरायचे असल्याने दुरुस्तीला पुरेसा अवधीही होता. तरीही ती गप्प राहिली. आता ती रक्कम वार्षिक १८ टक्के दराच्या व्याजासह परत करावी लागली. मी कारण विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मॅडम, ग्रुपवर येईल म्हणून घाबरले." आमच्याकडे चूक सापडली की त्या नोंदीचा फोटो लाल वर्तुळ काढून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा आणि खाली 'हे कोणी केले?' असे लिहायचे, अशी पद्धत आहे. ती मी सुरू केलेली नाही, पण वापरली मीही आहे.

यावर उपाय म्हणून एचआरने शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला तणावमुक्तीचे सत्र ठेवले आणि सर्वांना फुगे फुगवायला लावले. बदलापूरला राहणाऱ्या सहकाऱ्याची नेहमीची गाडी त्यापायी चुकली. माणसांना खरोखर आधार वाटावा यासाठी माझ्या पातळीवर, वरून परवानगीची वाट न पाहता, काय करता येईल?

उत्तर १ : रात्रपाळी

मी महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडून एका रुग्णाला औषधाची मात्रा उशिरा दिली गेली. मी थरथरतच इनचार्ज सिस्टरांकडे गेले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो "पेशंट आता कसा आहे?" हा. कोणी, का, कसे, हे सगळे नंतर झाले आणि तेही खोलीचे दार लावून. बोलणी मी खाल्लीच, पण पुढच्या वेळी काही लपवावे असे मनात आले नाही.

हार्वर्डच्या प्राध्यापिका एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतील औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा ज्या गटांचे आपसातले वातावरण चांगले होते तिथेच चुकांची नोंद जास्त आढळली. तिथे चुका मोकळेपणाने सांगितल्या जातात, हे त्यांना त्याचे कारण दिसले. तेव्हा तुमच्याकडे पहिले काही महिने चुका वाढल्यासारख्या दिसल्या तर दचकू नका. ग्रुपवरचे ते लाल वर्तुळ मात्र आजच बंद करा, आणि आपण स्वतः ते वापरले होते हेही सर्वांसमोर सांगा.

उत्तर २ : निवृत्त बँकवाला

सिस्टरांचे म्हणणे मान्य आहे. पण मी अनेक वर्षे युनियनचे काम केले असल्यामुळे माझा प्रश्न रोखठोक आहे. तुमचे अकरा जण प्रत्यक्षात किती जणांचे काम करतात, आणि २० तारखेच्या आधीच्या आठवड्यात घरी किती वाजता जातात? रात्री नऊनंतर बिले तपासणाऱ्या माणसाच्या नजरेतून दोनदा आलेले बिल निसटणारच. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ दिवसांची नैमित्तिक रजा आणि जादा कामाला दुप्पट दराने मोबदला आहे. व्यवस्थापकीय पदे त्यातून वगळलेली आहेत, आणि कनिष्ठांना नुसते 'एक्झिक्युटिव्ह' असे पदनाम देऊन त्याचा सोयीस्कर फायदा घेतला जातो, हे मी पाहिलेले आहे. रजा मागताना कारणांची कीर्तने करावी लागत असतील, तर आधी ती थांबवा. फुगे त्यानंतर.

उत्तर ३ : समुपदेशक, ठाणे

एक सावधगिरी सुचवते. चांगल्या मनाच्या वरिष्ठांना अशा वेळी स्वतःच समुपदेशक व्हावेसे वाटते, आणि मग कोणाच्या घरी काय चालले आहे याची चौकशी सुरू होते. ज्याच्या हातात आपली पगारवाढ आहे त्याच्यापुढे मन मोकळे करणे कोणालाही सोपे नसते. "काही मदत लागेल का?" एवढे विचारून थांबावे. सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तिथे मराठीत बोलता येते. तो क्रमांक सर्वांसाठी फलकावर लावावा, एखाद्यालाच बाजूला घेऊन देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेनेही 'बर्नआउट'ला, म्हणजे कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या थकव्याला, आजार न मानता कामाच्या जागेशी निगडित बाब म्हटले आहे, त्यामुळे वरच्या उत्तरातील कामाच्या तासांचा मुद्दा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे.

अंधेरीकर

सर्वांचे आभार. सोमवारी सर्वांसमोर माझ्या हातून पूर्वी झालेली एक चूक सांगितली आणि ग्रुपवर फोटो टाकणे बंद केले. विवरणपत्राच्या आठवड्यात दोन जण दुसऱ्या विभागातून मागितले आहेत. एकच मिळेल असे दिसते. काल संध्याकाळी एक जण माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "मॅडम, जुलैच्या नोंदीत माझी गडबड झाली आहे." ओठांवर आलेले 'आत्ता सांगतोस?' मी कसेबसे गिळले. आज दुपारी डबा खाऊन झाल्यावर आम्ही दोघे ती नोंद पाहायला बसणार आहोत.