ॲसिडिटीची गोळी आणि बी १२
एकाने विचारलंय, ॲसिडिटीच्या गोळीने शरीरातलं बी १२ जीवनसत्त्व कसं काय उतरतं? अन्नातलं बी १२ प्रथिनांना चिकटलेलं असतं. ते सोडवायला जठरातलं आम्ल आणि पेप्सिन (प्रथिनं पचवणारा पाचकरस) लागतं. ओमेप्राझोल ही ॲसिडिटीची गोळी नेमकं ते आम्लच रोखते. गंमत म्हणजे आम्ल बनवणाऱ्या पेशीच 'इन्ट्रिन्झिक फॅक्टर' हे प्रथिनही बनवतात, आणि त्याचा हात धरूनच बी १२ लहान आतड्याच्या पार शेवटच्या भागात शोषलं जातं. यकृतात काही वर्षांचा साठा असतो, म्हणून कमतरता उशिरा कळते: पायांना मुंग्या, जिभेची आग. सोबत मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असेल (तिनेही बी १२ उतरतं) तर बी १२ तपासून घ्याच. पूरक गोळीतलं बी १२ मात्र सुटंच असतं, त्याला आम्लाची गरज नाही. पण बऱ्याच दिवसांची ओमेप्राझोल मनाने एकदम बंद करू नका, आम्ल उसळतं.