वाचनालयाचा वर्धापनदिन : पाहुणे गेल्यावर पुस्तक न्यायला कोणी आलं का?

आमच्या तालुक्याच्या वाचनालयाचा यंदा सुवर्णमहोत्सव. कार्यकारिणीत माझं नाव घातलंय, म्हणून बैठकांना जातो. आतापर्यंत ठरलंय ते एवढं : पाहुणे, शाल-श्रीफळ, स्मरणिका आणि स्मरणिकेला जाहिराती कोण आणणार. वाचक हा विषय अजून निघालेला नाही. 1967 चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि त्यानंतर गावोगाव वाचनालयं उभी राहिली. त्यातल्या बऱ्याच जणांची पन्नाशी आता होतेय. त्याआधीची तर खूप जुनी : रत्नागिरीचं 1828 चं, नाशिकचं 1840 चं, सावंतवाडीचं 1852 चं. त्यांच्यापुढे आम्ही कालची पोरं. तरी विचारतो, तुमच्याकडे काय केलं आणि त्याने पुस्तकांची देवघेव वाढली का? अध्यक्षांचं भाषण छान झालं हे सांगू नका, ते आमच्याकडेही होणार आहे.

अर्धवेळ ग्रंथपाल, 'ब' वर्ग वाचनालय

व्याख्यानाला आलेली माणसं व्याख्यान ऐकून घरी जातात. आमच्याकडे सभागृह खाली, देवघेव वर; जिना कोण चढणार? एका वर्धापनदिनाला मी हट्टाने देवघेवीचं टेबल मांडवाच्या दारातच लावलं. वक्ते पाणीप्रश्नावर बोलणार होते, तर शेती, धरणं, दुष्काळ, विहिरी, आमच्याकडे होतं नव्हतं ते सगळं काढून मांडलं. त्या दिवशी सभासद होणाऱ्याला अनामत माफ. यावर कार्यकारिणीने खूप खळखळ केली. पुस्तक परत आलं नाही तर दाखल नोंदवहीसमोर (वाचनालयाच्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असते ती वही) उभं मलाच राहायचं होतं, त्यांना नाही, हे सांगितल्यावर गप्प बसले.

त्या दिवशीचे बहुतेक सभासद टिकले, त्यात बायका जास्त. त्यांच्याशी बोलल्यावर कळलं, की कपाटांपर्यंत जायला पेपर वाचत बसलेल्या पुरुषांच्या रांगेतून वाट काढावी लागायची, म्हणून त्या येत नव्हत्या. पेपरचं टेबल मागच्या खोलीत नेलं. खर्च शून्य! इतकी वर्षं हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

बाकी पैशाचं म्हणाल तर 2022 साली वाचनालयांचं सरकारी अनुदान 60 टक्क्यांनी वाढल्याचं पेपरात आलं आणि लोक मला पेढे मागायला लागले. पगार विचारून गप्प झाले. अनुदान येतं त्याच्या सवडीने, दिवाळी अंक मात्र दिवाळीतच येतात. म्हणून त्यांची योजना वेगळी, वर्गणी वेगळी. वर्षातली खरी गर्दी तेव्हाच. वर्धापनदिन दिवाळीच्या आसपास येत असेल तर अंकांचं प्रदर्शन लावा, हा माझा फुकटचा सल्ला.

चिपळूणकर

आमचं चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 चं. 2013 साली गावात साहित्य संमेलन भरलं तेव्हा मिरवलोही खूप. मग 22 जुलै 2021 चा पूर आला. हजारो पुस्तकं गेली. भिजलेली पुस्तकं लोक घाईने उन्हात टाकतात. तसं करू नका, पानं आखडतात, चिकटतात. सावलीत, वाऱ्यावर, मधे कोरे कागद घालून वाळवायची. पुराच्या चिखलाला मात्र हा उपाय लागू पडत नाही. संकटात पुस्तकं पाठवणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी आधी यादी विचारावी, नाहीतर एकाच कादंबरीच्या ढीगभर प्रती जमतात.

निवृत्त शिक्षिका, सातारा जिल्हा

ग्रंथदिंडी सगळेच काढतात. पालखी, लेझीम, फोटो, संपलं. आम्ही पालखी आळीआळीत थांबवली आणि मुलांनी आपापल्या आवडीचं एकेक पान मोठ्याने वाचलं. पान मुलांनीच निवडायचं, शिक्षकांनी लुडबूड करायची नाही, एवढी अट. एकाने भुताच्या गोष्टीचं ऐन रंगातलं पान निवडलं आणि तिथेच थांबला. ओसरीवरच्या आजी म्हणाल्या, "अरे, पुढं काय झालं?" हा म्हणतो, "आजी, वाचनालयात या, वर्गणी भरा." आजींना वाचता येत नव्हतं. मग नातवाला पाठवलं.

भिलारला पुस्तकांचं गाव 2017 पासून आहे, तिथेही मुलांना नेलं होतं. घराघरात पुस्तकं मांडलेली बघून मुलं हरखली. सहल म्हणून उत्तम. पण आपल्या गावात वाचनाची सवय लावायची तर आपलं कपाट रोज उघडं हवं.

अभ्यासिकेतला

काका, मॅडम, तुम्ही आम्हाला वाचक धरतच नाही. सकाळी कुलूप उघडल्यापासून रात्री दिवे जाईपर्यंत आम्हीच असतो. राज्यसेवा, तलाठी, पोलीस भरती. वर्धापनदिन आला की आमच्याच खुर्च्या मांडवात जातात आणि आम्हाला सतरंजी. मागच्या खेपेला आम्ही सांगितलं, एक वक्ता कमी करा आणि इथूनच अभ्यास करून नोकरीला लागलेल्या मुलांना बोलवा. आले सगळे. प्रश्न संपेनात, जेवणाला उशीर झाला.

अर्धवेळ ग्रंथपाल

खुर्च्यांचं मान्य, दादा. पण चालू घडामोडींच्या मासिकातलं पान फाडून नेणारेही तुमच्यातलेच. कपाटातलं एखादं पुस्तकही नेत जा. परीक्षेत येणार नाही असं.

अभ्यासिकेतला

नाव सुचवा. लहान असेल तर नेतो.

गृहिणी, कोल्हापूरजवळ

आमच्याकडे वर्धापनदिनापासून घरपोच पुस्तकं सुरू झाली, ज्यांना जिना चढवत नाही अशा सभासदांसाठी. कॉलेजची मुलं पिशवी घेऊन जातात. माझ्या सासूबाई त्यातल्या एक. "हे वाचलंय, बदलून आण," म्हणून तीच पिशवी परत पाठवतात. मुलगा बिचारा आता आधी जुन्या नोंदी बघून येतो. आणि हो, चहा प्यायल्याशिवाय त्या त्याला सोडत नाहीत, म्हणून तिसऱ्या घरी पोचायला त्याला संध्याकाळ होते.

धागाकर्ता

दारातल्या टेबलाचा मुद्दा काल बैठकीत मांडला. "मांडवाची शोभा जाते" असं उत्तर मिळालं. तरी टेबल लावणार. मॅडम, अनामत माफ केलेल्यांची नोंद वेगळ्या वहीत ठेवलीत की सभासदांच्या नेहमीच्या रजिस्टरला?

अर्धवेळ ग्रंथपाल

त्याच रजिस्टरला, लाल शाईने. फोन नंबर दोन घ्या, एक घरातल्या दुसऱ्या कुणाचा. आणि आधी बैठकीत ठराव करून घ्या, तोंडी होकारावर जाऊ नका.